हवाई टपालाचा संग्रह : पाकिटाला पाणी लावण्याआधी

नवा संग्राहक पिशवी घेऊन येतो तेव्हा तिच्यात बहुधा कडेनं नीट कापलेली तिकिटं असतात. विमानाचं चित्र दिसलं, कात्री लावली, पाकीट रद्दीत. फुलं, पक्षी, क्रिकेट अशा विषयांत हे एक वेळ खपून जातं, हवाई टपालात खपत नाही. तिकिटावर विमानाचं फक्त चित्र असतं. पत्र खरोखर विमानानं गेलं का, कधी गेलं, कुठून कुठे गेलं हे पाकिटावरचा शिक्का, लेबल आणि मागचा पोच-शिक्का सांगतात. पाकीट टाकलं की पुरावाच गेला.

म्हणून खालची कामं दिलेल्या क्रमानंच करा. तिकीट सुटं करण्यासाठी लागणारं पाणी पाचव्या टप्प्याला येतं.

टप्पा १ : हद्द आखून घ्या

'विमानं' हा विषय नव्हे, तो समुद्र आहे. जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशानं विमानाचं तिकीट काढलंय. हद्द न आखता सुरुवात केली की दोन-तीन महिन्यांत स्टॉकबुक (तिकिटं खोवून ठेवायची वही) भरतं आणि त्यातून काहीच उभं राहत नाही.

नाशिककराला हद्द आखायला लांब जावं लागत नाही. तीन सोप्या वाटा आहेत.

पहिली, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये (इंडिया सिक्युरिटी प्रेस, सरकारी छापखाना) छापलेली विमानाची तिकिटं. १९२९ चा हवाई टपालाचा संच (२, ३, ४, ६, ८ आणि १२ आणे, चित्रात डी हॅविलंड हर्क्युलीस), १९४८ चं भारत-इंग्लंड हवाई सेवेचं १२ आण्यांचं तिकीट, १९६१ चा पहिल्या अधिकृत हवाई टपालाच्या पन्नाशीचा तीन तिकिटांचा संच, १९६७ चं २० पैशांचं 'नॅट' विमान. हळूहळू आणि परवडेल तसं वाढवता येतं. मात्र अलीकडची सगळी भारतीय तिकिटं नाशिकची नसतात, हैदराबादलाही छपाई होते. तिकिटासोबतचं माहितीपत्रक पाहिल्याशिवाय नव्या तिकिटाला नाशिकचं म्हणू नका.

दुसरी, ओझरच्या एचएएलशी (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कारखाना) जोडलेली विमानं : मिग-२१, मिग-२७, सुखोई-३०. तिसरी, नाशिक जिल्ह्यातून गेलेली किंवा इथे आलेली हवाई पत्रं. तिसरी वाट सगळ्यात कष्टाची, आणि माझ्या मते सगळ्यात मजेची.

तपासणी : आपली हद्द एका वाक्यात लिहून स्टॉकबुकच्या पहिल्या पानात ठेवा. वाक्यात 'इत्यादी' आलं तर पुन्हा लिहा.

टप्पा २ : सामान आधी, खरेदी नंतर

बोथट टोकाचा स्टॅम्पचा चिमटा (भुवयांचा नव्हे, त्याला खाचा असतात आणि त्या कागदात उमटतात), दहापट भिंग, स्टॉकबुक, पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं, टीपकागद, ग्लासीनची (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाची) पाकिटं, २बी पेन्सिल. एवढं पुरे.

स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, तेलकट वासाचे प्लास्टिक फोल्डर घेऊ नका. ते पीव्हीसी असतं. काही वर्षांत ते चिकट होतं आणि कार्डावरची शाई ओढून घेतं. लॅमिनेशनबद्दल तर बोलायलाच नको. जुनं पोस्टकार्ड 'टिकावं' म्हणून कुणी लॅमिनेट करून आणलं की त्यावर करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

टप्पा ३ : कुठे शोधायचं

प्रेसच्या गेटवर तिकिटं मिळत नाहीत. नवी तिकिटं टपाल खात्याच्या फिलाटेली (तिकीट-संग्रह) काउंटरवर मिळतात. नाशिकच्या मुख्य टपाल कार्यालयात चौकशी करून फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडा. किमान २०० रुपये ठेव भरली की नवी तिकिटं आणि फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघाल्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट) घरपोच येतात. मोठी निवड हवी असेल तर मुंबई जीपीओचा फिलाटेलिक ब्युरो. पंचवटी एक्स्प्रेसनं गेलात तर सीएसएमटीला उतरून चालतच पोचता.

जुन्या मालासाठी भद्रकालीतल्या रद्दीवाल्यांना सांगून ठेवा : 'पाकिटं फोडू नका, तशीच द्या.' हे एक वाक्य पैशांपेक्षा जास्त काम करतं. ओझर टाऊनशिपमधल्या निवृत्तांच्या घरी सोव्हिएत काळातली कार्डं आणि तिकिटं निघू शकतात, कारण मिगचं काम तिथे साठच्या दशकापासून चाललं. देवळाली कॅम्प आणि गांधीनगरच्या लष्करी कुटुंबांकडे '५६ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) असा पत्ता असलेली पत्रं असतात. त्यांवर गावाचं नाव नसतं म्हणून फेकू नका, लष्करी टपालाची पद्धतच तशी आहे.

सावधान : पत्र कुणाचं तरी खासगी असतं. घरच्यांची परवानगी घ्या आणि आतला मजकूर फोटो काढून कुठेही टाकू नका.

सावधान : 'प्रेसमधून आलेला चुकीचा छापील शीट' असं सांगून कुणी काही दाखवलं तर हात लावू नका. छपाईतला बाद माल नष्ट करायचा असतो. तो बाहेर आला असेल तर सरळ मार्गानं आलेला नसतो.

विमानांच्या तिकिटांची स्वस्त पाकिटं मिळतात त्यांत अजमान, फुजैरा, उम्म अल-क्वैन अशी आखाती अमिरातींची नावं भरपूर दिसतील. साठच्या दशकाच्या शेवटी ही तिकिटं संग्राहकांना विकण्यासाठीच ढिगानं निघाली. मागे गोंद शाबूत आणि पुढे कोपऱ्यात छापल्यासारखा नेटका शिक्का असेल तर ते तिकीट टपालात गेलेलंच नाही. सोव्हिएत तिकिटांतही हा प्रकार खूप आहे. चित्र आवडलं तर ठेवा, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

बाहेरगावाहून मागवताना विक्रेत्याला नोंदणीसह स्पीड पोस्टनं पाठवायला सांगा. २०२५ पासून जुनी रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्येच विलीन केली गेली आहे, त्यामुळे 'रजिस्टर करा' एवढंच म्हणणं पुरत नाही.

टप्पा ४ : वाचा, लिहून घ्या, मग ठरवा

बहुतेकांची चूक इथे होते, म्हणून इथे वेळ घालवा. पाकीट किंवा कार्ड टेबलावर ठेवा आणि या क्रमानं वाचा.

१. निघाल्याचा शिक्का. गाव, तारीख, वेळ. तारीख अर्धवट असेल तर भिंगाखाली आकड्यांचे उरलेले तुकडे जसेच्या तसे पेन्सिलनं कागदावर काढा. अंदाज नंतर.

२. दर. तिकिटांची एकूण किंमत किती? साध्या दरापेक्षा जास्त असेल तर हवाई अधिभार भरल्याची ती खूण असते. कडेचं एक तिकीट कापलं की हा हिशेबच मोडतो.

३. लेबल आणि सूचना. निळं 'बाय एअर मेल' किंवा 'पार अविऑं' लेबल, हातानं लिहिलेला मार्ग, रबरी शिक्का. लेबलावर काट मारलेली असेल तर पत्र पुढे जमिनीवरून गेलं असण्याची शक्यता आहे. ती काट मौल्यवान, खोडू नका.

४. मागची बाजू. पोच-शिक्का मागे असतो. नव्या संग्राहकाचा हात मागे वळतच नाही. 'पहिलं उड्डाण' असं पुढे छापलेल्या पाकिटाच्या मागे पोचल्याचा शिक्का नसेल, तर ते उडालं याचा पुरावा फक्त ते छापील वाक्य आहे.

५. थर. विशेष शिक्का तिकिटाच्या कडेवरून पाकिटावर सलग गेलाय का? दातेरी कडेपाशी शाई थांबते का? चिन्ह तिकिटाखाली जात असेल तर तिकीट नंतर चिकटवलंय.

या पाच गोष्टी लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक इशारा वेगळा देतो. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नैनीला आंरी पेके या वैमानिकानं सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली. त्यांच्यावरचा 'फर्स्ट एरियल पोस्ट' हा किरमिजी शिक्का प्रत्येकाला हवा असतो आणि म्हणून त्याच्या नकलाही आहेत. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय हे घेऊ नका. विकणारा कितीही ओळखीचा असो.

टप्पा ५ : सुटं करायचं का?

आता कात्रीचा प्रश्न. नियम सोपा आहे : शिक्का वाचता येतो, मार्ग कळतो किंवा पत्ता तुमच्या हद्दीतला आहे, यांपैकी एक जरी असलं तरी पाकीट अखंड राहील. फाटकं, शिक्का पुसलेलं, लेबल नसलेलं उरलं तरच तिकीट सुटं करायचं.

हवाई पाकिटाची एक खोड आहे. त्याची लाल-निळी किनार. ती शाई बरेचदा पाण्यात सुटते आणि सगळ्यात आधी तिकिटाच्या पांढऱ्या कडेत शिरते. आधी चाचणी घ्या : कापसाची काडी पाण्यात बुडवून झटका, किनारीच्या दूरच्या कोपऱ्यावर दहा सेकंद टेकवा, मग पांढऱ्या टीपकागदावर दाबा. गुलाबी किंवा निळसर डाग दिसला तर त्या किनारीचा एक मिलिमीटरही पाण्यात जाता कामा नये. फाउंटन पेननं लिहिलेल्या पत्त्यालाही हीच चाचणी. तिकीट किनारीला टेकलेलंच असेल तर भिजवणं सोडून द्या, तुकडा तसाच ठेवा.

चाचणीत पास झालं तर :

तिकिटाभोवती एक सेंटिमीटर कागद सोडून कापा. दातेरी कडेजवळ कात्री नेऊ नका. साधं, कोमट नव्हे, पाणी उथळ ताटलीत घ्या. एका वेळी एकच तुकडा, चित्र वर करून तरंगू द्या. तिकीट आपणहून सरकू लागेल तेव्हाच कागद त्याच्यापासून ओढा. तिकीट कागदापासून ओढायचं नाही, त्यानं ते पातळ होतं. मागचा गोंद बोटाच्या पोटानं, घासता न घासता काढा. स्वच्छ पाण्यातून एकदा फिरवा. मग टीपकागदावर चित्र खाली करून ठेवा आणि सुकत आलं की दोन टीपकागदांत घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर.

वर्तमानपत्रावर सुकवू नका. छपाईची शाई तिकिटाच्या पाठीवर उलटी उमटते, आणि मग बातमीसकट संग्रह करावा लागतो.

थांबा : गडद खाकी, लाल किंवा हिरव्या पाकिटावरचं तिकीट या पद्धतीनं करू नका. अलीकडची काही परदेशी स्वयंचिकट तिकिटं पाण्यानं सुटतच नाहीत, ती कागदासकट ठेवा.

टप्पा ६ : जलचिन्ह पाहणं

१९२९ च्या संचात आडवं ताऱ्यांचं जलचिन्ह (कागदातच असलेली पुसट खूण) आहे. काही तिकिटांत ताऱ्यांचं टोक डावीकडे, काहींत उजवीकडे. कॅटलॉग दोन्ही वेगळे धरतात. दिशा पुढून मोजायची की मागून, हे तुमच्या कॅटलॉगच्या सुरुवातीच्या टिपांत आधी वाचा, नाहीतर सगळी नोंद उलटी होईल.

पाहताना कोरडी पद्धत आधी : काळ्या ताटलीत चित्र खाली ठेवून तिरका उजेड टाका. नाही दिसलं तरच लाइटरचं पेट्रोल, दोन थेंब, खिडकी उघडी आणि गॅस बंद. नाशिकला फोटोग्राव्ह्युअर छपाई १९५२ पासून आली. त्यानंतरच्या तिकिटांवर हे पेट्रोल घालू नका, काहींचा रंग हलतो.

टप्पा ७ : चित्र-पोस्टकार्डं

पोस्टकार्ड म्हटलं की आपल्याकडे साधं पिवळं कार्ड डोळ्यांपुढे येतं. इथे चित्राचं कार्ड अभिप्रेत आहे : विमानतळाचं, विमानाचं, एअरलाइननं प्रवाशांना फुकट वाटलेलं, एअर इंडियाच्या महाराजाचं चित्र असलेलं.

भिंग लावा. बारीक ठिपके दिसले तर छापील. छटा ठिपक्यांशिवाय सलग दिसली तर खरा फोटो, आणि तो साधारणपणे जास्त दुर्मीळ. मग उलटा : छापणाऱ्याचं नाव, एअरलाइनचं नाव, 'इथे तिकीट लावा' चा चौकोन, लिहिलेला मजकूर. मागे हातानं लिहिलेलं विमानाचं नाव आंधळेपणानं खरं मानू नका. लोकांनी डकोटाला बिनदिक्कत बोइंग म्हटलेलं असतं. इंजिनं मोजा, शेपटी पाहा, नोंदणीची अक्षरं दिसली तर टिपून घ्या. भारतीय नागरी विमानांवर ती 'व्हीटी'नं सुरू होतात.

कार्डाला हिंज (गोंद लावलेली छोटी कागदी पट्टी) कधीच लावायचा नाही. फोटोचे कोपरे वापरा.

टप्पा ८ : मॅक्झिमम कार्ड स्वतः करणं

कार्ड, तिकीट आणि शिक्का तिन्ही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील ते मॅक्झिमम कार्ड. तीन जुळण्या लागतात : विषयाची, जागेची, काळाची. पहिली सगळे सांभाळतात, दुसरीत घसरतात.

समजा जेआरडी टाटांचं तिकीट आहे (१९९४ चं, विक्रेत्याकडून मिळवावं लागेल). १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. म्हणजे कार्डावर जुहूची धावपट्टी आणि शिक्का जुहूच्या टपाल कार्यालयाचा. सोय म्हणून नाशिकरोडला शिक्का मारून आणलात तर कार्ड सुंदर दिसेल आणि निरर्थक असेल. उलट, सुखोई-३० दाखवणारं तिकीट हाती असेल तर ओझर टाऊनशिपच्या टपाल कार्यालयाचा शिक्का अगदी चपखल. 'नॅट'साठी मात्र ओझर चालणार नाही, कारण ते बेंगळुरूच्या कारखान्यात बनलं. एचएएल म्हणजे ओझर, हे समीकरण आपल्याला इतकं सवयीचं आहे की ही चूक नाशिककरच जास्त करतात.

कार्ड निवडताना :
• माप ९० × १४० ते १०५ × १४८ मिलिमीटरच्या दरम्यान.
• चित्रानं कार्डाचा किमान तीन चतुर्थांश भाग व्यापलेला हवा.
• तिकिटाचंच चित्र मोठं करून छापलेलं कार्ड नको. चार-पाच दृश्यांचं कार्डही नको.
• तिकीट एकच, चित्राच्या बाजूला, आणि शिक्का मारण्याच्या दिवशी टपालात चालणारं.

सावधान : 'कार्डासाठी ओझरला जाऊन विमानाचा फोटो काढतो' हा बेत करू नका. तो संरक्षण खात्याचा परिसर आहे. छापील मिळणारं कार्डच शोधा.

शिक्का घेताना सकाळी जा, टपाल निघायच्या गडबडीत नको. पोस्टमास्तरांना आधी भेटून काय हवंय ते दाखवा. सोबत जुनं नमुना कार्ड असलं की बोलणं निम्म्यावर येतं. तिकीट घरूनच चिकटवून न्या, चारही कोपरे बसलेले. खिडकीवर आपल्या कार्डाआधी कोऱ्या कागदावर एक ठसा मारून घ्यायची विनंती करा. त्यात तीन गोष्टी दिसतात : शाई जास्त आहे का, तारीख बदललीय का, शिक्क्याची कुठली कड उमटत नाही. कार्डाखाली जाड वहीची गादी सरकवा. लाकडी टेबलावर ठसा अर्धाच बसतो. शिक्क्याचा साधारण एक तृतीयांश भाग तिकिटावर आणि उरलेला, गावाच्या नावासह, कार्डावर यायला हवा. कुठे मारायचा ते पेन्सिलच्या बारीक ठिपक्यानं दाखवलंत तर कुणी नाही म्हणत नाही.

ठसा मिळाला की कार्ड आडवंच धरा. चकचकीत पृष्ठावर शाई बराच वेळ ओली राहते. ग्लासीन लगेच टेकवलं तरी ती पसरते, म्हणून दुसरं कार्ड त्यावर ठेवू नका आणि घरी नेण्यासाठी कडा उभ्या असलेला पुठ्ठ्याचा डबा न्या.

तपासणी : गावाचं नाव आणि तारीख हातभर अंतरावरून वाचता आली पाहिजे. नसेल तर दुसऱ्या कार्डावर पुन्हा. त्याच कार्डावर दुसरा ठसा मारून घेऊ नका.

टप्पा ९ : नाशिकच्या पावसाळ्यातली साठवण

जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा गोंदाला जागं करतो. गोंद असलेली कोरी तिकिटं एकमेकांना आणि पानाला चिकटतात. म्हणून अशी तिकिटं हिंजवर नाही, माउंटमध्ये (पारदर्शक खोळीत). अल्बम उभे ठेवा, एकावर एक रचलेल्या अल्बममध्ये खालच्याचा गोंद दबतो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. डांबराच्या गोळ्या पानांजवळ नकोत. कसर पळवायची तर कपाट कोरडं आणि झाडलेलं ठेवणं जास्त उपयोगी, कारण तिला खळ आणि गोंद आवडतो.

पाऊस गेला, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, की प्रत्येक अल्बम सावलीत तासभर उघडा ठेवा. उन्हात नको, लाल रंग आधी उडतो. चिकटलेलं तिकीट सापडलं तर नखानं उचकटू नका, पान तसंच बाजूला ठेवून जाणकाराला दाखवा.

टप्पा १० : नोंद आणि पानं

वस्तूवर काही लिहायचं नाही. क्रमांक पॉलिएस्टरच्या पाकिटावरच्या चिठ्ठीवर. नोंदीत चौथ्या टप्प्यातल्या पाच गोष्टी, कुठून मिळालं आणि किती दिले. स्कॅन ६०० डीपीआयचा, पुढून आणि मागून.

प्रदर्शनात मांडायचं असेल तर एका फ्रेममध्ये ए-४ ची १६ पानं बसतात. आधी १६ पानांचा कच्चा आराखडा करा आणि कुठलं पान कमकुवत आहे ते पाहा. पुढची खरेदी त्याच पानासाठी. पानावर मजकूर कमी, वस्तू जास्त. पाकिटाच्या मागचा पोच-शिक्का दाखवायचा असेल तर मागच्या बाजूची रंगीत प्रत शेजारी लावा, पण मूळ आकारापेक्षा ठळकपणे लहान करून. ती प्रत आहे हे परीक्षकाला न विचारता कळलं पाहिजे.